मंत्र्यांची कारकीर्द कोणत्या डब्यातून मोजायची?

प्रति,
संपादक महोदय,
स. न.

एखाद्या नेत्याची कारकीर्द वृत्तपत्रांतून मांडली जाते तेव्हा बहुतेक वेळा भूषवलेल्या पदांचीच यादी वाचायला मिळते. प्रा. मधु दंडवते यांच्याबाबतीत ती सहज करता येईल : १९७१ ते १९९१ राजापूरचे खासदार, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री, १९८९ मध्ये अर्थमंत्री, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. पण या यादीतून माणूस कळत नाही.

लाकडी बाकांचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. दुसऱ्या वर्गाचा बर्थ म्हणजे नुसती फळी. कुशीवर वळले की कंबर नि खांदा ठणकायचा, म्हणून घरून वळकटी बांधून न्यायची. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. पहिला वर्ग खाली खेचायचा नाही, दुसरा वर उचलायचा, ही त्यांची भूमिका होती. निर्णय कागदावर किरकोळ वाटतो, पण त्याचा लाभ कोट्यवधी पाठींना झाला. त्यांच्याच काळात डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, पहिला वर्ग नसलेली जलद गाडी. १९७४ च्या संपात नोकरी गमावलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले.

हे करणाऱ्या मंत्र्याच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा रूळही नव्हता! आम्ही कोकणी माणसे रात्रभर एसटीत बसून कशेडी घाट चढत होतो. कोकण रेल्वेचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. मार्ग पूर्ण होऊन १९९८ मध्ये गाड्या थेट धावू लागल्या, पण त्याआधीच, १९९१ मध्ये, राजापूरने त्यांना पराभूत केले होते. मतदारांचा तो अधिकार होता, हे मान्य. तरीही मला त्याची खंत वाटते आणि ती लपवण्याचे कारण नाही.

आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. सत्ता आल्यावर त्यांनी सूड धरला नाही, कामाला लागले. २००५ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे पार्थिवही जे. जे. रुग्णालयाला दिले गेले.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. रेल्वेमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, नव्या चकचकीत गाडीला हिरवा झेंडा दाखवतानाचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. वातानुकूलित गाड्या हव्यातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण अनेक गाड्यांतले स्लीपरचे डबे काढून तिथे थ्री-टियर एसीचे लावले गेले, ते तिकीट न परवडणारा माणूस जनरलच्या दारात लटकू लागला. गणपतीत आमच्याकडे येणारी कोणतीही गाडी पाहा. संडासाच्या दाराशी लेकरू मांडीवर घेऊन बसलेली आई दिसेलच. जनरलचे डबे वाढवण्याच्या घोषणा होतात, त्यांचे स्वागत आहे. ते डबे कोणत्या गाडीला लागले, हे मात्र आम्हाला छापून मिळत नाही.

म्हणून विनंती एवढीच की, नव्या गाडीची बातमी देताना तिचा वेग आणि रंग यांच्यासोबत स्लीपर व जनरलचे डबे किती, हेही छापावे. जुन्या गाडीचे डबे बदलले तर आधी किती होते, आता किती उरले, तेही द्यावे.

आपला नियमित वाचक,
कणकवली, जि. सिंधुदुर्ग