आधी स्टार्टरवरचा हात आवरायला लावणाऱ्यांचे आभार

१९७६ची मोटो गुत्झी ८५० ल माँ मोटरसायकल, वर्षानुवर्षं उभी. ती पुन्हा सुरू कशी करायची यावर सल्ला देणाऱ्यांसाठी हे. 'स्टार्टरला हात लावू नका' म्हणणाऱ्यांचे आभार सगळ्यात आधी. स्पार्क प्लग काढून दोन्ही सिलिंडरांत १०-१० मिली इंजिन ऑइल, एक दिवस थांबून पाचव्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने हळू फिरवायचं, म्हणजे इंजिनही फिरतं. अडलं तर जोर नाही.

प्लगच्या भोकातून कॅमेरा घालायला लावणाऱ्यांनी तर क्रँकच (इंजिनचा मुख्य दांडा) वाचवला. या सिलिंडरांना आतून क्रोमचा मुलामा. तो पापुद्र्यांनी सुटतो, ऑइलमध्ये उतरतो आणि बेअरिंगं खातो. बोअर करून (आतून थोडं मोठं कापून) भागत नाही, निकासिलचा (निकेलचा टिकाऊ मुलामा) सिलिंडर-पिस्टन संचच लागतो. (महाग पडतो, पण इलाज नाही.)

पायाच्या ब्रेकवर मागची आणि पुढची एक डिस्क चालते. ब्रेक ऑइलमधली हवा फक्त मागच्या बाजूची काढली तर पेडल मऊच राहतं. हे सांगणाऱ्यांचेही आभार.