हत्तीरोगाच्या कृमीची भावकी

संपादक महोदय,

हत्तीरोगाच्या गोळ्यावाटपाची बातमी नेमाने छापून येते, पण त्या कृमीबद्दल अवाक्षर नसते. आपल्या विदर्भातला हत्तीरोगाचा कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, प्रयोगशाळेतल्या लहान प्राण्यांत धड वाढत नाही. म्हणून संशोधक त्याच्या भावकीकडे वळले. केरळच्या किनारी भागात आढळलेल्या ब्रुगिया मलायीचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही कृमींच्या शरीरात वोल्बाकिया जिवाणू वस्तीला असतात. ते मारले की मादीची वीण थांबते. डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूनाशक औषध कामी येते ते यामुळेच, मात्र ते चार ते सहा आठवडे घ्यावे लागते.

आणि याच कुळातला आफ्रिकेतला लोआ लोआ कृमी? त्याच्यात वोल्बाकिया नाहीच! २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच इतरांशी ताडून पाहिला, तेव्हा ही उणीव भरून काढणारी वेगळी चयापचय क्षमता त्यात दिसली नाही. मग जिवाणू भावंडांना नेमके देतात तरी काय? नव्या औषधाची वाट या प्रश्नातून जाऊ शकते, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या मोहिमेच्या बातमीशेजारी यावर एक चौकट जरूर द्यावी. सुजलेला पाय घेऊन धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया आमच्या गावात आजही आहेत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. गडचिरोली