वर बघत चालू या: कावासाकीहून बाबांना पत्र

कावासाकी, जपान

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मागे वाजणारी धून ऐकून "हे कुठलं गं गाणं?" असं तुम्ही विचारलंत, पण तेवढ्यात माझी गाडी आली आणि सांगायचं राहूनच गेलं. इथे गाडी फलाटावर यायच्या आधी धून वाजवतात. केइक्यू कावासाकी स्टेशनवर वाजते ती 'उए ओ मुइते आरुको' या गाण्याची, कारण गायक क्यू साकामोतो याच गावचा. तुम्ही रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी ऐकायचात ना, तेव्हा कदाचित 'सुकियाकी' या नावाने ते कानावरून गेलं असेल.

ते नाव म्हणजे शुद्ध गाढवपणा. सुकियाकी हा मांसाचे पातळ काप आणि भाज्या घालून करायचा पदार्थ, गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. १९६३ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये केनी बॉलच्या जॅझ बँडने ही चाल नुसती वाद्यांवर वाजवली. मूळ नाव जिभेवर बसेना, म्हणून रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी ठाऊक असलेला एक जपानी पदार्थ चिकटवून दिला. उद्या आपलं एखादं भावगीत तिकडे 'मिसळ' म्हणून विकावं, तसंच.

खरं नाव म्हणजे 'वर बघत चालू या'. का, तर डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. मला ते इतके दिवस प्रेमभंगाचंच गाणं वाटत होतं, आणि इथल्याही पुष्कळांना तसंच वाटतं. पण जन्म निराळाच निघाला. १९६० साली जपान-अमेरिका सुरक्षा कराराविरुद्ध टोकियोत प्रचंड मोर्चे निघाले. १५ जूनला संसदेच्या आवारात पोलिसांशी झटापट झाली आणि मिचिको कानबा ही टोकियो विद्यापीठातली २२ वर्षांची विद्यार्थिनी त्यात गेली. तरी चारच दिवसांनी करार मंजूर झाला. गीतकार रोकुसुके एई त्या मोर्च्यांत होते. हरून घरी चालत येतानाची ती मनःस्थिती त्यांनी पुढल्या वर्षी या गाण्यात उतरवली.

आणि गंमत बघा, गाण्यात यातलं एक अक्षरही नाही. करार नाही, पोलीस नाहीत, कुणाचं नावसुद्धा नाही. एकटा माणूस रात्री चालतोय, इतकंच. त्याला वसंतातला दिवस आठवतो, उन्हाळ्यातला आठवतो, शरदातला आठवतो. हिवाळ्याचा मात्र उल्लेखच नाही. तो सध्या चालूच असावा, असं माझं आपलं मत. दुःखाचं कारण एईंनी सांगितलंच नाही, म्हणून ज्याने त्याने आपापलं घातलं.

चाल हाचिदाई नाकामुरा या जॅझ पियानोवादकाची. क्यू तेव्हा १९ वर्षांचा, अमेरिकन रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीचा भक्त. 'मुइते' हा शब्द तो 'मु-उ-इते' असा उचकी लागल्यासारखा हेलकावे देत म्हणतो. आपल्या शब्दांचं हे काय केलं म्हणून एई आधी चांगलेच वैतागले होते म्हणे. पण एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या दूरदर्शन कार्यक्रमातून गाणं घरोघरी पोचलं ते त्या हेलकाव्यांसकटच.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को गावच्या एका रेडिओ निवेदकाने ते लावलं, तर श्रोते पुन्हा पुन्हा मागू लागले. मग कॅपिटॉल कंपनीने रेकॉर्ड काढली आणि १५ जून १९६३ च्या बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणं पहिलं आलं. तीन आठवडे हललं नाही. जपानी भाषेतलं दुसरं गाणं आजवर तिथे पोचलेलं नाही. तारीख बघितलीत? कानबा गेली त्याला बरोबर तीन वर्षं. अमेरिकेशी झालेल्या कराराविरुद्धच्या पराभवातून निघालेलं गाणं अमेरिकेतली पोरं डोक्यावर घेत होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता! पुढे १९८१ मध्ये 'अ टेस्ट ऑफ हनी' या अमेरिकन गायिकांच्या जोडीने नवे इंग्रजी शब्द घालून ते गायलं, तेही खूप चाललं. मला ते गुळमट वाटलं.

क्यूचा शेवट वाईट झाला. १२ ऑगस्ट १९८५ ला टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळलं. ५२४ माणसांतली चारच वाचली. क्यू गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. २०११ च्या त्सुनामीनंतर एका जाहिरातीत कितीतरी कलावंतांनी हेच गाणं एकेक ओळ करून म्हटलं. माझ्या शेजारच्या आजी तेव्हाचं सांगताना अजून गळा दाटून थांबतात.

मूळ रेकॉर्डिंग दादाच्या मोबाइलवर पाठवते आहे. शेवटी क्यूची शिट्टी आहे, ती चुकवू नका. सुरुवातीची ओळ मला भूपात बसल्यासारखी वाटते. पेटीवर काढून बघा आणि पुढे कुठे फसतं ते कळवा. आईला म्हणावं, गोडा मसाला पुरतोय, कुरियरचे पैसे घालवू नकोस. तिला नमस्कार, दादाच्या पिल्लाला पापा.

तुमची,
अनघा