माहिती प्रणालीचे पदव्युत्तर शिक्षण आणि कीबोर्डशेजारची वही

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटा सांगणाऱ्या आपल्या अलीकडच्या पुरवणीत माहिती प्रणाली व माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन या विषयाला संगणकशास्त्राच्या पोटात चार ओळी मिळाल्या आणि त्या चार ओळींतही ‘प्रोग्रॅमिंगची फारशी आवड नसलेल्यांसाठी चांगला पर्याय’ असा शेरा होता. हा शेरा पुरवणीकारांनी नव्याने काढलेला नाही. तो मी प्रवेशेच्छू मुलांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि, सांगायला बरे वाटत नाही, पण हा विषय शिकवणाऱ्या काही शिक्षकांकडूनही ऐकलेला आहे. बरीच वर्षे संगणक विभाग सांभाळल्यानंतर आता मी याच अभ्यासक्रमाचे लघुप्रबंध बाह्य परीक्षक म्हणून तपासतो. दोन्ही बाजूंनी जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

हा विषय उगवला कुठे, एवढे पाहिले तरी त्या शेऱ्यातील चूक लक्षात येते. ब्रिटनमधील जे. लायन्स या कंपनीने १९५१ मध्ये स्वतः बांधलेल्या ‘लिओ’ या संगणकावर आपल्या बेकरीच्या मालाचे मूल्यांकन करायला सुरुवात केली. ही कंपनी चहाची दुकाने चालवणारी. तिला गणितातले कोडे सोडवायचे नव्हते. कोणता माल किती तयार झाला, त्यावर खर्च किती पडला आणि पदरात काय राहिले, हे कारकुनांची फौज न वाढवता वेळेत कळायला हवे होते. त्या लिओवर काम केलेले फ्रँक लँड १९६७ मध्ये सिस्टिम्स अॅनॅलिसिस (संस्थेचे काम समजून घेऊन त्यासाठी प्रणाली कशी हवी ते ठरवणे) शिकवण्यासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, म्हणजे अर्थशास्त्राच्या संस्थेत गेले, ही गोष्ट मला बोलकी वाटते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात साधारण त्याच सुमारास गॉर्डन डेव्हिस यांनी या विषयाचा पाया घातला तोही व्यवस्थापनशास्त्राच्या विद्याशाखेत, आणि तिथूनच १९७७ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे याच विषयाचे नियतकालिक निघू लागले. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने १९७२ मध्येच प्रसिद्ध केला होता. याच संस्थेने असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या बरोबरीने केलेल्या २०१६ च्या आराखड्यात विषयांची यादी देण्याऐवजी पदवीधराला काय करता आले पाहिजे, हे नऊ क्षेत्रांत सांगितले आहे. प्रणाली विकसित करून ती कार्यान्वित करणे, हे त्यांतील एक. उरलेल्या आठांत माहितीसाठ्यांचे व्यवस्थापन, पायाभूत यंत्रणा, एंटरप्राइज आर्किटेक्चर (संस्थेचे काम आणि तिच्या सगळ्या प्रणाली यांची एकत्रित रचना), धोरण व नियंत्रण, रोजचे संचालन, आपत्तीतही काम चालू राहावे याची तयारी आणि माहितीची सुरक्षितता, संस्थेतील बदल, आणि नीती व परिणामांचा विचार, असे सगळे येते. आपल्या पुरवणीतील शेरा बरोबर मानायचा, तर ही आठ क्षेत्रे सोपी असली पाहिजेत.

ती सोपी नाहीत, हे मला एका गोदामात कळले, आणि तेही उशिरा. एका संस्थेत ईआरपी प्रणाली (खरेदी, साठा, हिशेब अशी सगळी खाती एकत्र जोडणारे सॉफ्टवेअर) बसवताना आमच्या विभागाने असे बंधन घातले होते की, मालाची आवक नोंदवताना खरेदी आदेशातील संख्या आणि प्रत्यक्ष आलेली संख्या जुळलीच पाहिजे. कागदावर हे बंधन चोख होते. पण पाचशे नग मागवले की गाडीतून कधी चारशे ऐंशीच उतरत, उरलेले वीस चार दिवसांनी येत. प्रणाली चारशे ऐंशी घेईना आणि पावती हातात पडल्याशिवाय गाडीवाला हलेना. आवक पाहणाऱ्या बाईंनी मग आपला मार्ग काढला. पडद्यावर पाचशे टाकायचे, पावती छापायची आणि कीबोर्डशेजारी ठेवलेल्या दोनशे पानी वहीत लाल शाईने ‘२० बाकी’ असे लिहायचे. माल आला की त्या ओळीवर काट मारायची. तिमाही मोजणीत साठा कमी भरू लागला तेव्हा वरिष्ठांच्या बैठकीत चोरीचा संशय निघाला, आणि प्रणालीतील आकडे अचूक आहेत असे त्या बैठकीत ठासून सांगणारा मीच होतो. वहीचा मला पत्ताच नव्हता.

तो लागला एका पदव्युत्तर विद्यार्थ्यामुळे. त्याच्या मार्गदर्शक बाईंनी त्याला अट घातली होती की, पहिले तीन दिवस कोणाला काही विचारायचे नाही, नुसते गोदामात बसून राहायचे. आम्हाला ती अट थोडी हास्यास्पदच वाटली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने ‘ही वही पाहू का?’ एवढेच विचारले. पुढचे दोन आठवडे त्याने वहीतील प्रत्येक ओळ खरेदी आदेशांच्या आणि पावत्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि साठ्यातील तफावतीचा जवळजवळ सगळा हिशेब लावून दाखवला. विशेष म्हणजे अर्धवट आवक स्वीकारण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच होती. ती आम्हीच बंद करून ठेवली होती. या कामासाठी त्याला नवा प्रोग्रॅम लिहावा लागला नाही, हे खरे. पण डेटाबेस नीट कळल्याशिवाय ते झाले नसते, आणि निव्वळ डेटाबेस कळून तर मुळीच झाले नसते, कारण वही डेटाबेसमध्ये नव्हती.

माणसे आणि यंत्रे मिळून एक काम करतात, तेव्हा दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो, ही दृष्टी जुनी आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा कोळसा खाणींतील कामगारांवरचा अभ्यासही १९५१ चाच, आणि तोच विचार पुढे एनिड ममफर्ड यांनी संगणक प्रणालींच्या आखणीत आणला. बहुतेक अभ्यासक्रमांत ही नावे येतात. परीक्षेत त्यांवर टीप विचारली जाते, विद्यार्थी ती लिहितात, आणि प्रकरण तिथेच मिटते.

माझा खरा आक्षेप अभ्यासक्रमावर नसून मूल्यमापनावर आहे. माझ्याकडे येणारे बरेचसे लघुप्रबंध एका साच्यातून काढल्यासारखे असतात. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले टेक्नॉलॉजी अॅक्सेप्टन्स मॉडेल घ्यायचे, ज्याचे म्हणणे थोडक्यात असे की, एखादी प्रणाली उपयुक्त वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, यावरून माणूस ती वापरणार की नाही हे बऱ्याच अंशी सांगता येते. त्यावर पाच पर्यायांची ऑनलाइन प्रश्नावली बेतायची. ती ओळखीपाळखीच्या गटांत फिरवायची. आणि शंभरेक उत्तरे जमली की सॉफ्टवेअरमधून तक्ते काढून जोडायचे. एका मौखिक परीक्षेत माझ्यासमोर आलेला लघुप्रबंध रजेचे अर्ज स्वीकारणाऱ्या प्रणालीवर होता. ‘यापुढेही ही प्रणाली वापरण्याचा माझा इरादा आहे’ या विधानाशी तीन जण सोडून सर्वांनी सहमती दर्शवली होती. त्या संस्थेत रजा मिळवण्याचा दुसरा मार्गच नव्हता! असहमत असलेल्या त्या तिघांचे पुढे काय झाले असेल, असे मी विद्यार्थिनीला विचारले. ती हसली, मीही हसलो, आणि गुण मात्र चांगलेच द्यावे लागले, कारण माझ्या हातातील गुणपत्रकात नमुन्याचा आकार, सांख्यिकी चाचणी, संदर्भसूची आणि बांधणी यांना रकाने होते. प्रश्न विचारण्याजोगा होता की नाही, याला नव्हता. यात त्या मॉडेलचा दोष नाही. सक्तीचा वापर आणि स्वेच्छेचा वापर यांतील फरक खुद्द डेव्हिस आणि विश्वनाथ वेंकटेश यांनी २००० मध्येच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत विचारात घेतला होता. तेवढे पुढचे पान उलटायला विद्यार्थिनीला कोणी सांगितले नव्हते.

त्यापेक्षा फसलेल्या प्रणाली मुळातून अभ्यासायला लावणे कितीतरी उपयोगाचे ठरेल. ब्रिटनमध्ये १९९९ पासून पोस्टाच्या शाखांत बसवलेल्या ‘होरायझन’ या हिशेब प्रणालीचे उदाहरण घ्यावे. पडद्यावर तूट दिसली की ती शाखाचालकाने भरून द्यायची, आणि न दिल्यास त्यानेच पैसे खाल्ले असे समजायचे, हा शिरस्ता पडला. पुढील काळात ९०० हून अधिक शाखाचालक दोषी ठरले. काहींना तुरुंगवास झाला. प्रणालीतील दोषांमुळेच अशी तूट दिसू शकते आणि दिसली होती, तसेच प्रणाली सांभाळणाऱ्या फुजित्सू कंपनीचे कर्मचारी शाखेच्या नोंदींत दुरून फेरफार करू शकत होते, हे उच्च न्यायालयाच्या निकालाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट झाले. बदल करण्याचा अधिकार कोणाला, त्याची नोंद कुठे राहते, ती नोंद कोण तपासतो आणि तक्रार आली तर आधी संशय माणसावर घ्यायचा की यंत्रावर, हे प्रश्न ‘ऑडिट आणि नियंत्रण’ या कंटाळवाण्या समजल्या जाणाऱ्या पेपरचे प्रश्न आहेत. साठा कमी भरला म्हणून आवक पाहणाऱ्या बाईंवर नजर रोखणारी माझी ती बैठक याच जातीची होती. आम्ही वेळीच थांबलो, यात माझे कर्तृत्व काही नाही.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधीलच टीएसबी बँकेचे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेली, आणि त्यानंतर लाखो ग्राहकांना स्वतःची खाती उघडता येईनात. नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पण पदव्युत्तर वर्गात चर्चा व्हायला हवी ती पुढच्या वर्षीच्या निर्णयाची. त्या वेळच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेच्या माहिती तंत्रज्ञानाच्या प्रमुखाला, व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला, आणि त्याचे कारण तांत्रिक चूक हे नव्हते. काम ज्या पुरवठादाराकडे सोपवले होते, तो खरोखर तयार आहे का याची पुरेशी खातरजमा त्यांनी केली नाही, हे होते. ‘आम्ही तयार आहोत’ असे पत्र पुरवठादाराने दिले म्हणजे काय समजायचे, त्याच्यामागे कोणत्या चाचण्या मागायच्या, त्याच्या उपपुरवठादारांपर्यंत कसे पोहोचायचे आणि ठरलेली तारीख पुढे ढकलण्याचे धैर्य संचालक मंडळासमोर कुठून आणायचे, या गोष्टी व्यवस्थापन या शब्दात येतात. प्रोग्रॅमिंग न आवडणाऱ्याला त्या आपोआप आवडतील, असे मानायला आधार नाही.

प्रमाणपत्रांबद्दल थोडेसे. आयटिल (माहिती तंत्रज्ञान सेवांच्या व्यवस्थापनाची), कोबिट (त्यावरील नियंत्रणाची) यांसारख्या चौकटी शिकवू नयेत, असे मी म्हणणार नाही; मी स्वतः त्यांच्या परीक्षा दिलेल्या आहेत आणि समान परिभाषा म्हणून त्यांचा उपयोग होतो. पण आयटिलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आणि चौथी २०१९ मध्ये आली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातील एक संपूर्ण सत्र अशा आवृत्त्यांच्या व्याख्या पाठ करण्यात घालवणे महाग पडते. माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याचे एडगर कॉड यांचे १९७० चे रिलेशनल मॉडेल आणि कोणत्या गोष्टींची माहिती ठेवायची व त्यांचे परस्परसंबंध काय, हे आकृतीत दाखवणारी पीटर चेन यांची १९७६ ची एंटिटी-रिलेशनशिप मांडणी मात्र आजही रोजच्या कामात आहे. ती नीट शिकलेल्या मुलाला नवे साधन आठवड्याभरात येते, हे मी नोकरभरतीत अनेकदा पाहिले आहे.

प्रवेशाच्या वेळी दोन-तीन वर्षांच्या कामाच्या अनुभवाला वजन द्यावे, असेही माझे मत आहे. पदवीनंतर थेट आलेली मुले हुशार असतात, पण मंजुरीसाठी चार टेबलांवरून फिरणारी फाइल त्यांनी पाहिलेली नसते, त्यामुळे कार्यप्रवाहाची आकृती काढताना त्यांचा प्रत्येक बाण सरळ जातो. ज्यांना अनुभव नाही त्यांना प्रवेश नाकारावा असे नव्हे. त्यांच्यासाठी पहिल्याच सत्रात महिनाभर एखाद्या चालू प्रणालीशेजारी बसण्याची सोय करावी आणि त्या निरीक्षणाच्या टिपणांना लघुप्रबंधाइतकेच गुण ठेवावेत. त्यासाठी संस्थांना दारे उघडावी लागतील, आणि संगणक विभागांच्या प्रमुखांना आपल्या खात्यातील वह्या परक्या मुलांना दाखवण्याची तयारी ठेवावी लागेल. हे दुसरे अधिक अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्याकडे एकच विनंती आहे. पुढच्या पुरवणीत या अभ्यासक्रमाला स्वतंत्र जागा मिळावी, आणि कोणत्या संस्थेतून किती जणांना नोकरी लागली या तक्त्याऐवजी प्रत्येक संस्थेकडून मागील वर्षीच्या लघुप्रबंधांची शीर्षके मागवून ती जशीच्या तशी छापावीत. शेजारी आणखी एक रकाना असावा: लघुप्रबंध लिहिणारा विद्यार्थी ती प्रणाली वापरणाऱ्या माणसांजवळ किती दिवस बसला होता. काही संस्था हा रकाना रिकामा पाठवतील. तो रिकामाच छापावा.

आपला,
एक बाह्य परीक्षक