कॅमेरे राहू द्या, माणसांचा माग काढणं थांबवा

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटीची व्यवस्थापक समिती, रत्नागिरी

विषय : नव्या कॅमेऱ्यांमधलं ‘पर्सन ट्रॅकिंग’ बंद करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. कॅमेऱ्यांना माझा विरोध नव्हता, आजही नाही. पार्किंगमधल्या गाड्यांचं पेट्रोल चोरीला जाऊ लागलं तेव्हा कॅमेरे मागणाऱ्यांत मीही होते. पण परवा सेक्रेटरींनी ऑफिसात कौतुकाने जो प्रकार दाखवला, तो सभेत कधी मंजूरच झालेला नाही.

स्क्रीनवर प्रत्येक माणसाभोवती हिरवी चौकट आणि डोक्यावर नंबर. त्यावर क्लिक केलं की तो गेटमधून कुठल्या विंगमध्ये गेला, जिन्यापाशी किती वेळ थांबला, बाहेर कधी पडला, सगळी रेघ हजर. नमुना म्हणून आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंची रेघ काढली होती. त्या पुढे कोणाकडे जातात, वाटेत कोणाशी बोलतात, हे तिथे चहा पीत बसलेल्या चौघांनी पाहिलं. उद्या आपल्या लेकीसुनांची रेघ निघेल.

बरं, ही रेघ खरी तरी असते का? हे सॉफ्टवेअर दर चित्रात माणसाचा आकार शोधतं, आधीच्या वेगावरून तो पुढे कुठे दिसेल याचा अंदाज बांधतं आणि जुळलं की तोच नंबर पुढे चालवतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात मग कपड्यांचा रंग, अंगलट यांवरून जुळवाजुळव. माणसं एकमेकांआड गेली की घोळ होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळे छत्रीखाली, नाहीतर रेनकोटात. परवाच जिन्यापाशी दोन काळ्या छत्र्या एकमेकींना घासून गेल्या आणि १७ नंबर भलत्याच्याच डोक्यावर जाऊन बसला. सेक्रेटरी हसले. चोरीचा आळ येईल त्याला हसू येणार नाही.

‘रेंगाळणारी व्यक्ती’ असा अलर्टही चालू आहे म्हणे. म्हणजे पाटी उतरवून गेटपाशी टेकणारी मासेवाली मावशी संशयित! वॉचमन तिला उठवतो, आणि बांगडे घ्यायला आपण पिशवी घेऊन खाली उतरतो तोवर ती गेलेली. गणपतीला चाकरमानी आले की घराघरांत माणसं वाढतील, अलर्ट वाजत राहतील आणि वॉचमन कंटाळून आवाजच बंद करेल.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. त्या निकालाचा रोख सरकारकडे होता हे मान्य. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा खासगी संस्थांनाही धरून आहे. माहिती कशासाठी हवी ते सांगा आणि गरजेपुरतीच घ्या, असा त्याचा रोख आहे. चोर शोधायला रात्रीचं रेकॉर्डिंग पुरतं. कोण कोणाच्या दारात किती वेळ होतं, हे सोसायटीला कशाला हवं?

तेव्हा ट्रॅकिंग आणि रेंगाळण्याचा अलर्ट सेटिंगमधून बंद करावा. रेकॉर्डिंग ३० दिवसांनी आपोआप पुसलं जावं, आणि कोणी ते पाहिलं तर रजिस्टरात तारीख, कारण आणि सही असावी. बसवणाऱ्या कंपनीला बाहेरून लॉगिन करता येतं का, तेही लेखी विचारावं. यापलीकडे काही हवं असेल तर विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा, मी तिथे बोलेन.

कॅमेऱ्यांचं अ‍ॅप आज कोणाकोणाच्या मोबाइलवर आहे, ती यादी मात्र सभेची वाट न पाहता नोटीस बोर्डावर लावावी.

आपली,
सभासद, ब विंग, २०४