‘पोट’ तोडू नका

महोदय,

पोटनिवडणूक, पोटकलम, पोटभाडेकरू हे शब्द जोडूनच लिहायचे असतात. ‘पोट निवडणूक’ असे छापले की भलतेच चित्र उभे राहते! ‘पोट’ काही संस्कृत ‘उदर’पासून आलेला नाही, प्राकृत कोशकार हेमचंद्राने 12व्या शतकात ‘देशीनाममाला’ या कोशात ‘पोट्ट’ देशी (संस्कृतातून न आलेला) शब्द म्हणून नोंदवला आहे. ‘पोटी’ सामान्यरूपाला लागते: प्रेमापोटी, भाड्यापोटी. ‘प्रेमपोटी’ चूक.

आणि शेतातली ‘पोटरी’? ज्वारी पोटरीत आली म्हणजे कणीस वरच्या पानाच्या आवरणात फुगलेले, अजून निसवलेले (बाहेर पडलेले) नाही. रब्बी ज्वारीत ही अवस्था साधारण 50 ते 55 दिवसांनी येते. तेव्हा पाणी चुकले की कणीस नीट बाहेर पडत नाही. अशा नेमक्या शब्दाऐवजी कृषिपानावर ‘बूट स्टेज’ कशाला?

– एक वाचक, सोलापूर