बाळ व्यसनी नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गरोदरपणातल्या नशेवरचा आपला लेख वाचला. बरीचशी माहिती बरोबर आहे, पण मथळ्यातला 'जन्मजात व्यसनी' हा शब्द बोचला. नवजात अतिदक्षता कक्षात परिचारिका म्हणून बावीस वर्षं काढली, म्हणून हे पत्र.

तोटे कळत असूनही माणूस त्याच पदार्थामागे धावतो, त्याला व्यसन म्हणतात. दोन दिवसांचं बाळ कशामागे धावणार? हेरॉइन, मॉर्फिनसारखी अफूवर्गीय द्रव्यं आईच्या रक्तातून वारेवाटे त्याला मिळत असतात. नाळ कापली की पुरवठा एकदम तुटतो. मग दोन-तीन दिवसांत बाळ किंचाळल्यासारखं रडू लागतं, हातपाय थरथरतात, झोप लागत नाही. भुकेनं मुठी चोखतं, पण पाजायला घेतलं की चोखण्याचा ताल जमत नाही. चादरीवर घासून घासून सोलवटलेल्या टाचा मी पाहिल्या आहेत. अशा बाळाला आम्ही दुपट्यात घट्ट गुंडाळायचो, दिवे मंद करायचो, आईच्या छातीशी द्यायचो. कित्येक बाळं तेवढ्यानं निवतात. काहींना मॉर्फिनचे थेंब देऊन मात्रा हळूहळू उतरवावी लागते. (हो, मॉर्फिनचेच. नातेवाईक हमखास दचकतात.)

पुढच्या वाढीबद्दल लेखात फारच काळं चित्र आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ स्त्रियांच्या पाहणीवरून असाच गहजब झाला होता. पुढे फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी दोनशेहून अधिक मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. सगळी गरीब घरांतली. साधारण निम्म्यांच्या आयांनी कोकेन घेतलेलं, बाकीच्यांच्या नाही. चौथ्या वर्षी बुद्ध्यंकाची सरासरी निघाली अनुक्रमे ७९ आणि ८२ च्या आसपास; सर्वसाधारण सरासरी १०० धरतात. म्हणजे दोन्ही गट मागेच! कोकेनपेक्षा गरिबीचा घाव खोल होता. कोकेन निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. त्यानं वार आधीच सुटू शकते, मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मू शकतं. पण मेंदूला जन्मभराची इजा करण्यात दारू फार पुढे आहे, आणि तिच्या वाट्याला लेखात एकच ओळ आली आहे.

'आईनं ताबडतोब सगळं बंद करावं' हा सल्ला तर धोक्याचा आहे. अफूवर्गीय नशा एकाएकी तोडली तर बाई बहुधा पुन्हा त्याच वाटेला लागते. म्हणून डॉक्टर नशेच्या जागी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही मोजून द्यायची अफूवर्गीय औषधं सुरू करतात. इतर औषधांचंही तसंच. फेफऱ्यावरचं व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक खरं, पण तेही मनानं सोडायचं नसतं. डॉक्टरांनाच विचारून बदलायचं.

एक बाई कळा सुरू झाल्यावरच आमच्याकडे आली. नऊ महिन्यांत एकही तपासणी नाही. का, विचारलं तर म्हणाली, "सिस्टर, बाळ काढून घ्याल म्हणून आले नाही."

मथळ्यातल्या शब्दाची दुरुस्ती आणि त्या सल्ल्याबद्दलचा खुलासा पुढच्या अंकात छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका